आधी लय, मग सा: लॅपटॉपवर ट्रॅक कसा उभा राहतो

शेअर रिक्षात मागच्या सीटच्या पाठीशी बसवलेल्या स्पीकरमधून जे ‘धप्प, धप्प, धप्प’ येतं, त्याला सूर असतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण कानाला तो नुसता ठोका वाटतो. पण ज्याने तो केला त्याने तो कुठल्या पट्टीत बसवायचा, किती मिलिसेकंद वाजू द्यायचा आणि त्यानंतर किती वेळ मोकळा सोडायचा, हे सगळं ठरवलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करणारा माणूस सुरुवात कुठून करतो, याचं उत्तर इथेच सापडतं. धुनेपासून सुरुवात करणारे थोडे. बहुतेकजण पहिल्या दहा मिनिटांत लय आणि सा ठरवतात, आणि पुढचे कितीतरी तास या दोन निर्णयांचे हप्ते फेडत बसतात.

गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना ‘श्रुतिर्माता लयः पिता’ हे वचन ठाऊक असेल. सॉफ्टवेअरलाही तेच लागू पडतं, फक्त इथे आई-वडील दोघेही आकड्यांत बोलतात. म्हणून हा लेख एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो: घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली, त्यात एक लॅपटॉप, लय १२० (मिनिटाला १२० ठोके) आणि सा पांढरी सहा (हार्मोनियमची सहावी पांढरी कळ).

सामानाबद्दल थोडक्यात

ज्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं काम होतं त्याला डॉ (DAW, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. एबल्टन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, आणि मॅक असेल तर लॉजिक. कुठलं चांगलं यावर वाद घालण्यात लोक वर्षं घालवतात. त्या वेळात दहा ट्रॅक होतात. एकच सावधगिरी: एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये गाणं बनवून बाहेर काढता येतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही. पैसे खर्च न करता शिकायचं असेल तर एलएमएमएससारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि व्हायटल किंवा सर्ज एक्सटी हे मोफत सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) इतके चांगले आहेत की पहिली दोन वर्षं दुसरं काही लागत नाही.

८ जीबी रॅमवर काम भागतं, १६ असेल तर सुख. हेडफोन मात्र वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे डॉमधलं एक घर, १२५ चा. म्हणजे ब्लूटूथवर तुम्ही कळ दाबता आणि ऐकू येईपर्यंत पुढचं घर सुरूही झालेलं असतं. वायर असूनही उशीर जाणवत असेल, तर सेटिंगमधला बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा केवढा तुकडा साठवून मग वाजवतो ते, पाहा: १०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या क्षणिक मापांचा) बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ६ च्या आत. वाजवताना बफर लहान ठेवा. मिक्स करताना (सगळे आवाज एकत्र बसवताना) मोठा करा, नाहीतर लॅपटॉप दमतो आणि आवाजात तडतड येते. विंडोजवर त्यासाठी असिओ ड्रायव्हर लागतो. नेहमीच्या ड्रायव्हरवर बफर कितीही कमी करा, फारसा फरक पडत नाही.

लय: सोळा घरांचा हिशेब

लय बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार घ्या: हाऊस साधारण १२० ते १२८, ड्रम अँड बेस १७० च्या वर, डबस्टेप १४०. हे आकडे पाठ करण्यापेक्षा एक गणित लक्षात ठेवा: ६०,००० भागिले बीपीएम म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० वर ते ५०० येतात. चार ठोक्यांचा एक बार म्हणजे २ सेकंद. आठ बार १६ सेकंद. पुढे इको, रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन), जिथे जिथे वेळ भरायची असते तिथे हेच आकडे परत येतात.

डॉमध्ये एक बार सोळा घरांत वाटलेला दिसतो. ही सोळा घरं रोलंड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या ताल-यंत्राने घराघरांत नेली. त्यावर सोळा बटणं ओळीने होती. जे दाबाल तिथे ठोका. तबला शिकलेल्याला हे नवीन वाटू नये. चार बार म्हणजे सोळा ठोके, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. फरक इतकाच की तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते, तिथे वजन उचललं जातं आणि समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, ओढ लागते. चार-बाय-चारच्या हाऊसमध्ये प्रत्येक ठोका भरीच असतो. ओढ मग दुसरीकडून आणावी लागते, ती कशी ते पुढे येईल.

पहिला साचा असा: किक (तो ‘धप्प’ असा खर्जाचा ठोका) १, ५, ९ आणि १३ व्या घरात. क्लॅप (टाळी) ५ आणि १३ मध्ये. उघडी हायहॅट (झांजेचा ठोका) ३, ७, ११ आणि १५ मध्ये, म्हणजे दोन किकच्या बरोबर मध्ये. एवढ्यावरच मान हलायला लागते. आता बंद हायहॅट सोळाही घरांत भरली की मात्र शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, सगळे ठोके एकाच जोराचे असतात. जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, ० ते १२७ मध्ये मोजतात. मधल्या घरांचा जोर ५०-६० वर आणा आणि ठोक्यावरचा १०० च्या आसपास ठेवा. दुसरं कारण, सगळी घरं अगदी सारख्या अंतरावर आहेत. स्विंग, म्हणजे जोडीतलं दुसरं घर उशिरा पाडणारी सोय, ५० टक्क्यांवर असताना जोडीतलं दुसरं घर १२५ मिलिसेकंदांवर पडतं. स्विंग ५८ केला की ते १४५ वर सरकतं. वीस मिलिसेकंदांचाच फरक, पण मशीनच्या जागी माणूस बसल्यासारखा वाटतो.

कोळीगीताचा हेलकावा घ्यायचा असेल तर सोळा घरं विसरा. तिथली चाल सहा-सहाची आहे. ग्रिड, म्हणजे घरांची आखणी, ट्रिप्लेटवर (ठोक्याला तीन घरं) टाकला की एका बारमध्ये बारा घरं होतात, १२० वर प्रत्येकी सुमारे १६७ मिलिसेकंदांची. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून नवी मुंबईतल्या दिवाळे गावापर्यंत हळदीच्या रात्री जे वाजतं त्याचं रिमिक्स करताना हमखास होणारी चूक म्हणजे गाणं बाराच्या घरात आणि किकचा साचा सोळाच्या घरात. दोघं ठोक्यावर भेटतात आणि मध्ये भांडत राहतात. किक चारही ठोक्यांवर ठेवा, पण हायहॅट आणि बाकीची नक्षी बाराच्या घरातच हवी.

सा: किक आणि बेसचा संसार

आता सूर. हार्मोनियमवाले ज्याला पांढरी सहा म्हणतात तो पाश्चात्त्य नावाने ए. खालच्या खर्जात हा सूर ५५ हर्ट्झचा, आणि किकसाठी ही पट्टी सोयीची आहे. पांढरी तीन घेतली तर खर्ज ४१ वर जातो आणि लहान स्पीकरला तो वाजवता येत नाही. पांढरी एकला वर ६५ आणि खाली ३३ असे दोनच पर्याय मिळतात, त्यामुळे बेस (खालच्या सुरांची साथ) एकतर पातळ होतो नाहीतर गाडला जातो.

पांढरी सहाचा आणखी एक फायदा. तिथे सा धरला तर मालकंसाचे पाचही स्वर पांढऱ्या कळांवर येतात: पांढरी सहा, एक, दोन, चार, पाच. रागाचं व्याकरण वेगळी गोष्ट आहे. पण स्वर चुकायचे नाहीत, एवढी खात्री संगीत न शिकलेल्यालाही मिळते. पांढरी तीनला सा मानून सगळ्या पांढऱ्या वाजवल्या तर भैरवीचे स्वर मिळतात. अशा एका ठाटात बसणाऱ्या, सा न हलणाऱ्या संगीताला इलेक्ट्रॉनिक ट्रॅकचा हा प्रकार फार मानवतो, कारण इथे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलावेच लागतात असं नाही. मुंबईतल्या चरणजित सिंह या वादकाने १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर राग ध्वनिमुद्रित केले होते. आज ऐकताना ते पुढे आलेल्या अ‍ॅसिड हाऊस या नाचाच्या संगीतासारखं वाटतं. त्यामागे जादू नाही: स्थिर सा, फिरणारा फिल्टर आणि न थांबणारी लय हे दोन्हीकडचं समान भांडवल आहे.

किक कशी बनते ते एकदा स्वतः करून पाहा; तयार सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडे, वापरायचे असले तरी. सिंथमध्ये साइन ही सगळ्यात साधी लहर घ्या. सूर ५५ हर्ट्झ. आता पिच एन्व्हलप, म्हणजे सूर वेळेनुसार हलवणारा आराखडा, लावा: सुरुवात २०० हर्ट्झच्या वर, आणि ५० मिलिसेकंदांत घसरून ५५ ला. ही घसरण कानाला ‘टक्’ म्हणून ऐकू येते आणि नंतरचं स्थिर ५५ छातीला ‘धम्म’ म्हणून लागतं. एकूण लांबी २०० ते २५० मिलिसेकंद. त्याहून लांब केली की पुढची किक येईपर्यंत बेसला जागाच उरत नाही.

इथेच नव्या माणसाचे निम्मे ट्रॅक बुडतात. किक आणि बेस दोघांनाही ४० ते १०० हर्ट्झची तीच खोली हवी असते. दोघं एकदम बोलले की आवाज मोठा होण्याऐवजी चिखल होतो. यावरचा सर्वपरिचित उपाय साइडचेन कॉम्प्रेशन: बेसवर कॉम्प्रेसर बसवायचा आणि त्याला किकचं ऐकायला सांगायचं. किक आली की बेस खाली वाकतो, गेली की उठतो. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आसपास, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० ते १५०. रिलीज ४०० केला तर बेस उठायच्या आत पुढची किक येते आणि बेस ट्रॅकभर ओणवाच राहतो. २० केला तर उठताना करकर ऐकू येते.

पण त्याआधीचा, फुकटचा उपाय लोक विसरतात. बेसचे स्वर किकच्या घरात लिहूच नका. किक १ वर, बेस ३ वर. किक ५ वर, बेस ७ वर. भांडणच नाही तर मध्यस्थ कशाला? साइडचेनचा तो दम लागल्यासारखा हिंदकळा मुद्दाम हवा असेल तेव्हा जरूर लावा. चुकीचं लिखाण झाकायला नको.

मालकंसाच्या स्वरांत बेस लिहिताना एक खाच आहे. बेसची सवयीची उडी सा-प अशी असते आणि मालकंसात पंचम नाही. सा-म घ्या: पांढरी सहावरून पांढरी दोन. शिवाय सिंथच्या पुष्कळ तयार आवाजांत दुसरी लहर सात कळा वर बसवलेली असते, म्हणजे तुम्ही सा दाबलात तरी प वाजतो. आपण तर पंचम लावलाच नाही, मग हा आला कुठून, असं वाटलं तर दुसऱ्या ऑसिलेटरचा (लहर देणाऱ्या भागाचा) सेमीटोनचा, म्हणजे किती कळा वर तो, आकडा बघा.

खोलीही वाजते

आता आपल्या दहा बाय दहाच्या खोलीकडे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी मावते, ती लहर तिथे अडकून फुगते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, ३४५ भागिले ६.१ केलं की सुमारे ५७ हर्ट्झ. आपली किक ५५ ची! त्यात खोली चौरस, त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हींचा आकडा एकच. भिंतीला टेकून ऐकलंत तर किक राक्षसासारखी वाटते, खोलीच्या मधोमध बसलात तर गायब. मधोमध बसलेला माणूस मग किक वाढवत जातो, आणि तोच ट्रॅक दुसरीकडे लावला की काचा हादरतात. बारा फुटांच्या भिंतीला हाच आकडा ४७ च्या आसपास येतो, म्हणून दहा बाय बाराची खोली थोडी बरी. निदान दोन्ही दुखणी एका जागी नसतात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हे जात नाही. ट्रे आणि पातळ फोम टाळीचा खणखणाट कमी करतात, ५७ हर्ट्झच्या सहा मीटर लांब लहरीला त्यांची दखलही नसते. खालच्या आवाजाला जाड आणि जड वस्तू लागते: कोपऱ्यात चार-सहा इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल, कापसाची गादी उभी करून, पुस्तकांनी भरलेलं कपाट. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फुटांवर घ्या. आणि १०० हर्ट्झच्या खालचा कुठलाही निर्णय स्पीकरवर न घेता हेडफोनवर घ्या. खोलीला आवडत नाही म्हणून गाण्याची पट्टी बदलणं मात्र चुकीचं. ट्रॅक त्या खोलीत राहायला येणार नाहीये.

शेजाऱ्यांचा मुद्दा वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. किकचा खर्ज स्लॅबमधून खाली उतरतो; स्पीकरखाली फोम ठेवल्याने टेबल थरथरायचं थांबतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप वाचत नाही. हळू आवाजात काम करण्याचा स्वतःचाही लाभ आहे. मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही जास्त भासतात, त्यामुळे सगळंच छान वाटतं. शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल एवढ्यावर जे मिक्स टिकतं, ते मोठ्यावरही टिकतं.

आवाज आणायचे कुठून

दोन रस्ते आहेत: सिंथवर घडवायचे किंवा बाहेरून पकडून आणायचे.

सिंथचं काम उसाच्या रसवंतीसारखं समजा. आधी भरपूर रसाची लहर घ्यायची आणि मग गाळायची. सॉ लहरीत सगळे उपस्वर (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, स्क्वेअरमध्ये फक्त विषम, साइनमध्ये एकही नाही. लो-पास फिल्टर वरचे उपस्वर गाळतो. कुठून वर गाळायचं तो आकडा म्हणजे कटऑफ. एन्व्हलपला चार कळा असतात: आवाज चढायला लागणारा वेळ, उतरायचा वेळ, टिकण्याची पातळी, आणि कळ सोडल्यावरची शेपटी. मालकंसाच्या स्वरांवर छेडल्यासारखा आवाज हवा असेल तर सॉ घ्या, कटऑफ ५०० हर्ट्झच्या आसपास, चढ शून्य, उतार २५० मिलिसेकंद, टिकाव शून्य, आणि हाच एन्व्हलप फिल्टरलाही जोडा म्हणजे प्रत्येक स्वर उघडून मिटेल. त्यावर ३७५ मिलिसेकंदांचा इको. तीन घरांचा हा इको चौथ्या फेरीपर्यंत ठोक्याशी सरळ जुळत नाही, म्हणून चार स्वर लिहिले तरी दहा वाजल्यासारखे वाटतात.

बेसवर सात आवाजांचा युनिसन (एकच सूर किंचित हलवून सात वेळा एकत्र वाजवणं) लावायचा मोह टाळा. हेडफोनवर तो रुंद आणि श्रीमंत वाटतो. मांडवातल्या साउंड सिस्टिमवर डावं-उजवं एकत्र होऊन मोनो होतं तेव्हा त्या सात लहरी एकमेकींना खातात आणि बेस डुलक्या घेतो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच ठेवायचं.

बाहेरच्या आवाजांच्या बाबतीत ठाण्या-नवी मुंबईत राहणारा माणूस श्रीमंतच म्हणायचा. ट्रान्स-हार्बरची गाडी ऐरोली किंवा घणसोलीहून सुटताना मोटरचा चढत जाणारा सूर हा तयार रायझर, म्हणजे ताण वाढवणारा चढता आवाज, आहे; १६ सेकंदांपर्यंत ताणला की बरोबर आठ बार भरतात. पत्र्यावरच्या पावसातून ३,००० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की शेकरसारखी (दाण्यांच्या खुळखुळ्यासारखी) सळसळ उरते. वागळे इस्टेटमध्ये एखाद्या गाळ्यातल्या प्रेस मशीनचा एकच ठोका कापून क्लॅपखाली ठेवून बघा. फोनवर रेकॉर्ड करताना एअरप्लेन मोड लावा, वाऱ्याकडे पाठ करा, आणि ढोल-ताशाच्या जवळ जाऊ नका. फोनचा माइक तिथे फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. स्टेशनवरची घोषणा ट्रॅकमध्ये वापरणं टाळावं. तो कुणाचा तरी ध्वनिमुद्रित आवाज आहे.

पथकाचा ढोल आणून १२० वर बसवताना कळतं की माणसं एका लयीत वाजवत नाहीत, उत्साहात चढतात. वार्प (ध्वनिमुद्रण ताणून-आखडून घरांवर बसवणं) करून प्रत्येक बारचा पहिला ठोका ग्रिडला बांधा, सगळे ठोके बांधू नका, नाहीतर पथकाचा बँड होतो. आणि मूळ लयीपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त ताणू नका. टिपरूची धार पुसली जाते. पट्टी जुळवताना सेंटचा आकडा वापरा. १०० सेंट म्हणजे एक कळ. बाहेरून आणलेला तंबोरा वीस-तीस सेंट इकडेतिकडे असतोच, आणि तो न जुळवता ठेवला की सगळा ट्रॅक आजारी वाटतो पण दुखणं सापडत नाही.

सगळ्याखाली एक बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर ती विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा सूर पांढरी पाचच्या जवळ जातो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर अर्थिंग तपासा, प्लगिन शोधू नका.

जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचा असेल तर: ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’ ही अफवा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि चाल-शब्दांचा हक्क त्याहून वेगळा असतो. दोन्हींची परवानगी लागते.

आठ बारचा चक्रव्यूह

इथपर्यंत सगळे पोहोचतात. आठ बारचा तुकडा झकास वाजतोय, किक, बेस, छेड, पाऊस, तंबोरा, सगळं आहे. तो तीन तास फिरत राहतो, मग तीन आठवडे. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. दोष प्रतिभेचा नाही, कानाचा आहे: शंभर वेळा ऐकलेल्या तुकड्यात काहीही बदललं की ते चूकच वाटतं.

बाहेर पडायची हमखास युक्ती म्हणजे वजाबाकी. तो आठ बारचा तुकडा तसाच १४४ बारपर्यंत कॉपी करा. १२० वर तो ४ मिनिटं ४८ सेकंदांचा होतो. आता खोडत जा. पहिले ३२ बार फक्त किक, हायहॅट आणि पाऊस, कारण डीजेला आधीच्या गाण्यात हे मिसळायला ठोकाच लागतो. पुढच्या ३२ मध्ये बेस आणि छेड. मग १६ बारचा ब्रेकडाउन: किक आणि बेस दोन्ही काढा, तंबोरा आणि छेड उघडी ठेवा. मग आठ बारचा बिल्ड (ताण वाढवणारा भाग), त्यात आपली ट्रान्स-हार्बर. त्यानंतर ३२ बार सगळं एकत्र, म्हणजे ड्रॉप. शेवटचे २४ बार उतरत्या क्रमाने रिकामे. कागदावर हे ठोकळेबाज दिसतं, आहेही. पण आधी घर बांधावं, मग भिंत हलवावी.

मघाशी राहिलेला प्रश्न: प्रत्येक ठोका भरी असेल तर समेची ओढ कशी लावायची? ब्रेकडाउन म्हणजेच लांबलेली खाली. सोळा बार, म्हणजे ३२ सेकंद, किक नसते तेव्हा शरीर ती मोजत राहतं. बिल्डमध्ये स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार पडते; त्याच वेळी हाय-पास फिल्टर हळूहळू चढवून खर्ज काढून घेतला जातो, जेणेकरून परत येणारा खर्ज दुप्पट वाटावा. आणि ड्रॉपच्या आधीचा शेवटचा एक ठोका पूर्ण शांत. तिहाई संपवून तबलजी हात उचलतो तसा. बिल्डमध्येच किक आणि बेस ठेवून दिले तर ड्रॉपला देण्यासारखं काही उरत नाही. ‘ड्रॉप पडत नाही’ या तक्रारीचं मूळ जवळपास नेहमी आधीच्या आठ बारमध्ये असतं.

दर आठ बारला काहीतरी एक बदलावं, पण एकच. एक हायहॅट गेली, कटऑफ थोडा उघडला, छेडीचा एक स्वर वर गेला. दर दोन बारला काहीतरी नवं टाकणारा ट्रॅक पाहुण्यांना एकामागून एक पदार्थ वाढून घास घेऊ न देणाऱ्या यजमानासारखा होतो.

मिक्स आणि बाहेर काढणं

फेडर, म्हणजे प्रत्येक आवाज कमीजास्त करणारे सरकते दांडे, सगळे खाली ओढून पुन्हा सुरुवात करा. किक उणे १० डेसिबलवर ठेवा, मग बेस, मग क्लॅप, मग बाकीचे, प्रत्येक जण किकच्या मानाने. असं केलं की मास्टरवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवरचा) शिखराचा आकडा आपसूक उणे ६ च्या आसपास राहतो. शून्य हे छत आहे. फाइल बाहेर काढताना जे वर जाईल ते कापलं जातं आणि खरखर कायमची.

ईक्यूवर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या साधनावर) बसल्यावर आधी कापा, नंतर वाढवा. किक आणि बेस सोडून प्रत्येक आवाजाचा १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. पावसाच्या आणि तंबोऱ्याच्या तळाशी बरीच घरघर लपलेली असते. कोंदट वाटत असेल तर २०० ते ४०० च्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी करा. रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र न लावता एकाच सेंडवर (सगळ्यांच्या सामायिक वाटेवर) लावा आणि त्याचाही खालचा २०० पर्यंतचा भाग कापा. किकला रिव्हर्ब नको. दोन किक एकावर एक ठेवून आवाज उलट कमी झाला असेल तर एकीची पोलॅरिटी उलटवून बघा. एक वर जाताना दुसरी खाली येत असते.

मास्टरिंगचं (ट्रॅकवरच्या शेवटच्या संस्काराचं) म्हणाल तर स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास आणून वाजवतं. तुम्ही लिमिटरने (छताच्या वर काही जाऊ न देणाऱ्या साधनाने) दाबून उणे ८ पर्यंत नेलंत तर ते सहा डेसिबल खाली ओढलं जाणार, आणि ठोक्यांची चिरडलेली धार तेवढी तुमच्याकडे उरणार. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ वर ठेवा. फाइल २४ बिट वेव्ह, प्रोजेक्टचा सॅम्पल रेट तोच. शेवटच्या ठोक्यानंतर दोन बार मोकळे सोडून एक्स्पोर्ट करा, नाहीतर इकोची शेपटी कापली जाते.

मग फोनच्या स्पीकरवर ऐका. बेस नाहीसा झालेला असेल, कारण एवढ्याशा स्पीकरला ५५ हर्ट्झ वाजवताच येत नाही. आवाज वाढवून उपयोग नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (लहर किंचित बिघडवणं) टाका. त्यातून ११०, १६५, २२० असे उपस्वर तयार होतात आणि तेवढ्यावरून कान खालचा ५५ स्वतःच भरून घेतो. रिक्षातला बेस भरीव वाटतो त्यातही या उपस्वरांचा मोठा हात असतो.

प्रोजेक्ट सेव्ह करताना ‘सगळे सॅम्पल गोळा करा’ हा पर्याय वापरा. नाहीतर पेनड्राइव्ह काढला की निम्मे आवाज गायब. आणि फाइलला ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ अशी नावं देण्यापेक्षा नावातच ‘१२०, पांढरी सहा’ लिहून ठेवा. ज्या डीजेला ती पाठवाल, तो पहिल्यांदा हेच दोन विचारणार आहे.